अंगठ्याची चार पेरं

धुळे, ता. ११ जून १९२९

आजपासून ट्रेनिंग शाळेची नवी तुकडी सुरू झाली. छत्तीस उमेदवार. निम्मे शिरपूर-साक्रीकडचे, तोंड उघडलं की अहिराणी, 'आहे'चं 'शे' आणि 'सगळं'चं 'बठ्ठा'. दोन वर्षांनी हेच लोक गावोगाव मास्तर होऊन पोरांना गणित शिकवणार. देवा रे!

दरवर्षीप्रमाणे पहिल्या तासाला माझी पट्टीची गोष्ट सांगितली. सावद्याच्या शाळेत सात वर्षांचा असताना मी बोटांवर बेरीज करत होतो. मास्तरांनी लाकडी पट्टी अंगठ्यावर अशी हाणली की नख काळं पडून गळून गेलं. त्या दिवसापासून बोटांवर मोजणं बंद. त्या एका पट्टीने केळीच्या मळ्यातला चुडामण इथवर आणला आणि त्याचा भंगाळे मास्तर केला. सगळे हसले. एक जण हसला नाही. झुलाल नाव, शिरपूरच्याही पलीकडचा. उभा राहून विचारतो कसा, "गुरुजी, पट्टी बसायच्या आधी तुम्ही कसं मोजत होतात?"

म्हटलं, "गावठी. बस खाली."

आजच 'अंकगणिताचे अध्यापन' लिहायला घेतलं, म्हणून ही वहीही सुरू केली. पुण्याच्या समितीने पुस्तक मंजूर केलं तर ते विभागातल्या सगळ्या ट्रेनिंग शाळांना लागेल आणि वरिष्ठ अध्यापकाची जागा मला देणं हेडमास्तरांना भाग पडेल. बारा वर्षं झाली मला इथे. पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत माझ्या तोंडून 'मला'च्या जागी 'मले' निघून गेलं, ते या लोकांनी अजून सोडलेलं नाही. अजून विचारतात, "काय भंगाळे, केळी काय म्हणते?" पुस्तक होऊ दे एकदा. मग बघतो कोण काय म्हणतं ते.

ता. ३० ऑगस्ट १९२९

झुलालचा सराव पाठ. सराव शाळेची दुसरी इयत्ता, विषय दोन अंकी बेरीज. टाचण व्यवस्थित काढलं होतं, माझ्या पद्धतीने, दहा-दहा काड्यांच्या जुड्या वगैरे. वर्गात उभा राहिला आणि जुड्या टेबलावर तशाच ठेवून सरळ अहिराणीत सुरू झाला. सदतीस अधिक अठ्ठेचाळीस. पोरांना म्हणतो, ईस-ईसचे, म्हणजे वीस-वीसचे, ढीग करा. एक ईस सतरा, दोन ईस आठ. ढीग तीन, सुटे पंचवीस. त्यातला अजून एक ढीग काढा. चार ईस न पाच. पंच्याऐंशी. पोरं पटापट सांगायला लागली, एकमेकांच्या अंगावर पडून सांगायला लागली, वर्ग की बाजार! मागच्या बाकावरची एक मुलगी जूनपासून एक अक्षर बोललेली नाही, ती उभी राहून ओरडली, "चार ईस न पाच!"

बरोबर होतं उत्तर. असेल. बाजारातली कोंबडीवालीही बरोबर उत्तर देते, म्हणून तिला काय ट्रेनिंग शाळेत नेमायचं?

टीकेच्या तासाला मी त्याला सगळ्यांसमोर सोलून काढला. टाचणावर लाल शाईने लिहिलं: भाषा अशुद्ध, पद्धत अशास्त्रीय, वर्गावर ताबा नाही. खाली मान घालून ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "गुरुजी, त्यांच्या घरी असंच मोजतात." म्हटलं, "म्हणूनच त्यांना शाळेत घालतात, बाबा."

त्या मुलीचं नाव विचारायचं राहिलं.

ता. १९ नोव्हेंबर १९२९

कुठून ही बुद्धी झाली आईला! कळवणं नाही, काही नाही. डेप्युटी साहेबांच्या तपासणीचा दिवस. मी त्यांना आणि हेडमास्तरांना घेऊन व्हरांड्यातून चाललेलो, तर फाटकाशी आई. डोक्यावर केळीची पाटी, काष्टा धुळीने भरलेला, पायात वहाणा नाहीत. सावद्याहून दोन गाड्या बदलून एकटी आलेली. मला बघून तिथूनच हाक, "चुडामण! अरे चुडामण!"

डेप्युटी साहेब थांबले. हेडमास्तर हसत म्हणाले, "कोण हो भंगाळे, आपल्या ओळखीच्या दिसतात?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या गावाकडची केळी आणणारी बाई."

का म्हणालो? एका क्षणात निघून गेलं. एकदा निघाल्यावर मागे कसं घ्यायचं? तिने ऐकलं नसावं. लांब होती तशी. सुकदेव शिपायाला खूण केली, त्याने तिला मागच्या ओट्यावर बसवलं. तपासणी संपेपर्यंत चार तास ती तिथे बसून होती. मधे एकदा खिडकीतून बघितलं तर शेजारी झुलाल बसलेला, तिच्या हाताकडे वाकून बघत होता, आणि ती हसत होती. म्हटलं, बसू दे, तेवढाच तिला विरंगुळा.

संध्याकाळी घरी नेलं. कुंदाने सासूच्या पायांवर गरम पाणी घातलं. आई म्हणाली, "दोन दिवस ऱ्हायते म्हनलं तुह्याकडे." मी म्हटलं, उद्या सकाळची गाडी बरी पडेल, तपासणीचे दिवस आहेत, मला उसंत नाही. ती 'बरं' म्हणाली.

कुंदाचं स्वयंपाकघरात भांडी आपटणं चाललंय.

ता. २० नोव्हेंबर १९२९

सकाळी आईला गाडीत बसवून दिलं. उरलेली केळी तिने फलाटावर मोजून माझ्या पिशवीत घातली. मोजताना तिचं तोंड चालू होतं, अंगठा बोटांवर चालू होता. लोक बघत होते. मी म्हटलं, आई, न मोजता घाल गं.

शाळेत गेलो तर झुलाल एक वही घेऊन माझ्याकडेच येत होता. "गुरुजी, एक विचारायचं होतं." वही उघडून बघतो तर काय, अडाणी लोक कसे मोजतात त्याचं टिपण! जिनातल्या कापूस निवडणाऱ्या बायका, गुराखी, तेली, पानं पानं भरून. ट्रेनिंग घ्यायला आलाय की गावगप्पा गोळा करायला? माझं डोकं कालपासून ठिकाणावर नव्हतंच. म्हटलं, "हे धंदे करायला सरकार तुला विद्यावेतन देतं का?" वही काढून घेतली आणि कपाटात टाकली. "गुरुजी, एकच विचारायचं शे," म्हणाला. 'शे' म्हणाला, माझ्या तोंडावर! हाकलून दिला.

ता. १४ मार्च १९३१

निकाल लागला. झुलाल प्रात्यक्षिकात नापास. लेखी गणितात पहिला आहे, पण प्रात्यक्षिकाचे गुण माझ्या हातात आणि माझ्या हातात शास्त्र आहे. हेडमास्तर म्हणाले, "भंगाळे, तुमच्याच खानदेशचा ना हो तो?" मी म्हटलं, "म्हणूनच." त्यांना ते फार आवडलं, दोनदा हसले.

पहिल्या वर्षाच्या दाखल्यावर लोकल बोर्डाने त्याला शिरपूरच्या पलीकडे डोंगरात कुठल्याशा एकशिक्षकी शाळेवर टाकलाय म्हणे. जाताना पाया पडायला आला. वही मागेल असं वाटलं होतं, मागितली नाही.

सावदे, ता. ७ फेब्रुवारी १९३२

आई गेली. तार मिळून मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. राखेवर पाणी घालायलाच मी.

आक्का, माझी मोठी बहीण, शेवटपर्यंत तिच्याजवळ होती. ती सांगत होती, शेवटचे चार दिवस शब्द नव्हता, पण उजव्या हाताचा अंगठा सारखा बोटांवरून फिरत होता. एक बोट, दुसरं बोट, मग थांबायचा. परत पहिल्यापासून. मी म्हटलं, नामस्मरण करत असेल. आक्का माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "नामस्मरन? माय जलमभर केयी मोजत आली, तिले कुठलं नामस्मरन?" आक्काचं बोलणं नेहमीच असं तिरकं.

रडू आलं नाही. लोकांना वाटलं, शिकलेला माणूस, धीराचा. मला स्वतःला काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. उद्या परत निघायला पाहिजे, नववं प्रकरण अडलंय.

धुळे, ता. २२ ऑगस्ट १९३२

पुण्याहून हस्तलिखित परत. वर चिठ्ठी: "पहिली आठ प्रकरणे इंग्रजी पुस्तकांचा गोषवारा वाटतात. आपल्या प्रांतातील माणसे प्रत्यक्षात कशी मोजतात याचा कोठे मागमूस नाही. तसे काही असल्यास पुन्हा विचार करता येईल."

वा रे वा! पंधरा वर्षं ज्यांनी मला 'मले' वरून टोचलं, त्यांच्याच जातकुळीचे हे लोक, आणि आता म्हणतात तुमची माती कुठाय! तीन वर्षांची मेहनत पाण्यात. चिठ्ठी चार वेळा वाचली आणि चारही वेळा शिव्या दिल्या. कुंदा दारातून ऐकून गेली.

मग कपाटात जुने कागद शोधताना झुलालची वही हाताला लागली.

खोटं कशाला लिहू, दिवसभर वाचत बसलो. पोराचं अक्षर किरटं, पण बघितलंय बारीक. शेवटचं पान सगळ्यात चांगलं: 'सावद्याकडची एक केळीवाली बाई.' एका बोटाची तीन पेरं आणि वरचं टोक मिळून चार. अशी एका हाताची वीस. वीस भरले की दुसऱ्या हाताचं एक बोट मिटायचं. पाचही मिटली की शंभर. फण्या मोजता मोजता गिऱ्हाइकाशी बोलायचं तरी चूक नाही. खाली लिहिलंय: 'अंगठ्याला दोनच पेरं, मग वीस कसे? असे विचारले. हसली. म्हणाली, ते माह्या पोराले ठाऊक, त्याले इचार.'

कुठला पोर, कोणाचा पोर! पाल्हाळ नुसतं. ते गाळलं, बाकीचं नववं प्रकरण म्हणून शुद्ध भाषेत उतरवायला घेतलं. सावद्याकडच्या पन्नास बायका धुळ्याच्या बाजाराला येतात, त्यातली कोणीतरी.

झुलालचं नाव घालावं का? आता नापास उमेदवाराचं नाव प्रस्तावनेत घालून हसं करून घ्यायचं का? बोलल्या बायका, लिहिलं त्याने, त्याचं शास्त्र केलं मी. तर पुस्तक माझंच.

ता. ९ जानेवारी १९३३

पुण्याचं पत्र! नववं प्रकरण 'अत्यंत मौलिक'. 'विशेषतः केळीवाल्या स्त्रीची गणनपद्धती ही या ग्रंथाचा गाभा होय.' हेडमास्तरांनी स्वतः शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. मला चहा दिला, कपबशी स्वतः माझ्या हातात दिली. 'केळी काय म्हणते' आज कोणीच विचारलं नाही.

पण शेवटी एक शेपूट: 'पाच बोटांची वीस पेरे, असे आपण लिहिता. अंगठ्यास दोनच पेरे असतात. मग वीस कशी? हे स्पष्ट झाल्याखेरीज मंजुरी देता येत नाही. येत्या २८ तारखेस समिती जळगावास येणार आहे, तेव्हा समक्ष करून दाखवावे.'

चार बोटांची चारचोक सोळा. वर अंगठा, टोक धरलं तरी तीन. एकोणीस. मी हातात हात धरून बसलोय. आणि मुळात अंगठाच सगळी पेरं मोजत फिरतो, तो स्वतःला कसा मोजणार? एवढी साधी गोष्ट, गणिताचा मास्तर आणि माझ्या लक्षात कशी आली नाही!

ता. १५ जानेवारी १९३३

सहा दिवस बाजारात हिंडतोय. केळीवाल्या, पानवाल्या, बोरंवाल्या. कोणी बारा मोजते, कोणी सोळा. वीस कोणीच नाही. एक म्हातारी म्हणाली, "दादा, घ्यायचं असेल तर घे, माझी बोटं काय बघतोस?" शेजारच्या सगळ्या हसल्या.

कुंदाला विचारलं, तुझ्या माहेरी कशा मोजतात? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "सोळा. वीस मोजताना मी एकाच माणसाला बघितलंय."

"कोणाला?"

तिने परातीतला हात थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला खरंच ठाऊक नाही?" मी म्हटलं, कोडी घालू नकोस, मला तेरा दिवस उरलेत. ती म्हणाली, "मग झुलाललाच जाऊन विचारा. त्याच्या वहीवर एवढं उभं केलंत ना?" आणि भाकरी तव्यावर टाकली.

बायकांना नवऱ्याच्या कामाचं गांभीर्य कधी कळायचं नाही. पण झुलालकडे जावं लागणार असं दिसतंय. नापास केलेल्या पोराच्या दारात!

शिरपूर, ता. २० जानेवारी १९३३

सर्व्हिस मोटारीने शिरपूर, तिथून पुढे बैलगाडी. झुलालची शाळा म्हणजे कुडाच्या भिंतींची एक खोली. बाहेर मातीत पोरं बसलेली, चिंचोक्यांचे ईस-ईसचे ढीग करत होती. चाळीस पोरं आणि कुठे आवाज नाही. मला बघून झुलाल धावत आला, पाया पडला. "बठा गुरुजी." आता मधूनमधून सरळ अहिराणीतच बोलतो. पाणी आणलं, घोंगडी टाकली.

पुस्तकाचं काय सांगायचं ते वाटभर ठरवलं होतं. पण त्याने विचारलंच नाही, म्हणाला, "ऐकलं मी. बरं झालं, वही कुणाच्या कामाला तरी आली." यापेक्षा त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

मी सरळ मुद्द्याला हात घातला. ती सावद्याकडची केळीवाली. अंगठ्याचं ती काय करायची? तिचं नाव-गाव काही ठाऊक आहे का? अजून बाजाराला येते का?

झुलाल माझ्याकडे बघत राहिला, कुंदाने बघितलं होतं तसाच.

"गुरुजी," म्हणाला, "ती तुमनी माय व्हती."

तोच त्याच्या शब्दांत सांगत गेला. ओट्यावर बसली होती. मी पाणी दिलं. म्हणाली, माहा पोरगा अठी गणिताचा मास्तर आहे, लई मोठा. सारखं तेच सांगे. मी विचारलं, तुम्ही केळी कशा मोजता? तिने हात पुढे केला. सोळापर्यंत आली, अंगठ्याशी थांबली आणि हसायला लागली. म्हणे, याची गंमत माह्या चुडामणले ठाऊक. लहानपनी माह्या मांडीवर बसून तोच मोजे. त्याले इचार.

"मग तू केळीवाली का लिहिलंस?" माझा आवाज चढला होता. "नाव का नाही लिहिलंस?"

"हेडमास्तरसाहेबांना तुम्ही काय सांगितलं ते मला ओट्यावर ऐकू आलं होतं, गुरुजी. तुमचा शब्द खोटा पडायला नको, म्हणून तेच लिहिलं."

ओट्यावर ऐकू आलं होतं. ओटा फाटकापेक्षा लांब. म्हणजे तिलाही ऐकू आलं. फाटकातच ऐकू आलं असेल.

"दुसऱ्या दिवशी तुम्हाला तेवढं एकच विचारायचं होतं," झुलाल म्हणाला. मग घोंगडीवर पुढे सरकला, डोळ्यांत नुसती उत्सुकता, रागाचा लवलेश नाही. "आता तरी सांगा ना गुरुजी. तीन वर्षं झाली, डोक्यातून जात नाही. अंगठ्याचं काय शे?"

पोरं चिंचोके टाकून आमच्याकडे बघत होती. मी माझा हात बघितला. चार बोटं मोजली. सोळा. पुढे काही नाही. पट्टी आठवली, काळं पडलेलं नख आठवलं, ते गळून पडलेलंही आठवलं. त्याच्या आधीचं काहीच आठवलं नाही. तिची मांडीसुद्धा नाही.

"विसरलो," म्हटलं.

झुलालने मान खाली घातली. म्हणाला, "मग गेलं ते, गुरुजी."

धुळे, ता. २१ जानेवारी १९३३

मोटारीत दोन माणसांच्या मधे बसून रडलो. एकाने विचारलं, कोण गेलं? म्हटलं, माय. कधी? म्हटलं, वर्ष होईल.

माय चार दिवस अंगठा फिरवत होती. थांबत होती आणि परत पहिल्यापासून सुरू करत होती. मी त्याला नामस्मरण म्हटलं.

समितीला सांगून टाकावं. ही बाई माझी आई, पद्धत तिची, टिपण झुलालचं, आणि अंगठ्याचं मला ठाऊक नाही. एवढी चार वाक्यं. त्याने मंजुरी गेली तर जाऊ दे. कुंदाला तसं म्हणालो. तिने पहिल्यांदाच माझ्या ताटात न मागता तूप वाढलं.

धुळे, ता. २८ जानेवारी १९३३, रात्री

जळगावला लांबट टेबल, पलीकडे पाच जण, शेजारी आमचे हेडमास्तर. पुण्याचे सभासद फार गोड बोलले. म्हणाले, "हं, भंगाळे, दाखवा पाहू तुमच्या त्या बाईचा अंगठा."

मी चार वाक्यं तोंडात धरून गेलो होतो. हात वर केला. सोळापर्यंत आलो. सगळे माझ्या हाताकडे वाकून बघत होते. सोळा वर्षांत माझ्या हाताकडे कोणी असं बघितलं नव्हतं.

आणि मी म्हणालो, "अंगठ्याची दोन पेरं, तिसरं नख, चौथं मूळ. वीस."

पाचही जणांनी आपापल्या अंगठ्यावर करून बघितलं. एक, दोन, नख, मूळ. "वा! किती सहज!" पुण्याचे सभासद म्हणाले. "ही बुद्धी अडाणी माणसाचीच हो, आपल्याला सुचायची नाही." हेडमास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मंजुरी तिथल्या तिथे.

मला माझी किळस आली. ती आली आणि तरीही मी हात जोडून सगळ्यांचे आभार मानले, अगदी शुद्ध भाषेत.

कुंदाने दारातच माझं तोंड बघून ओळखलं. ताट वाढलं, त्यात तूप नव्हतं.

धुळे, ता. १२ जून १९३४

वरिष्ठ अध्यापक म्हणून नव्या तुकडीचा पहिला तास. छापील पुस्तक प्रत्येकाच्या हातात. या वर्षीपासून विभागातल्या सगळ्या ट्रेनिंग शाळांना लागलंय. म्हणजे अजून दोन वर्षांत नाशिकपासून रावेरपर्यंत गावोगावची पोरं अंगठ्यावर चार मोजायला लागतील. पुढे त्यांची पोरं. खरं काय होतं ते विचारायला कोणी येणार नाही, कारण सगळ्यांना उत्तर ठाऊक असेल. झुलालला प्रत पाठवली होती. पोचल्याचं कार्ड आलं, 'पुस्तक मिळाले. नववे प्रकरण वाचले.' खाली सही. दुसरं काही नाही.

पट्टीची गोष्ट या वर्षी सांगितली नाही. नववं प्रकरण काढायला लावलं. छत्तीस जण अंगठ्यावर मोजत होते, दोन पेरं, नख, मूळ, कोणाची चूक नाही. तेवढ्यात हेडमास्तर नव्या डेप्युटी साहेबांना घेऊन दारात येऊन उभे राहिले. आणि नेमका पहिल्या बाकावरचा एक जण उठला. वरणगावकडचा असावा, बोलण्यावरून कळत होतं.

"गुरुजी, ही बाई कोण व्हती?"

खिडकीतून मागचा ओटा दिसत होता. रिकामा. हेडमास्तर कौतुकाने माझ्याकडे बघत होते. सांगायला एक शब्द पुरला असता. तीन अक्षरंही नाहीत त्याला.

मी म्हणालो, "आमच्या गावाकडची केळी आणणारी एक बाई."

छत्तीस जणांनी ते वहीत उतरवून घेतलं.